संध्याकाळच्या बॅचला मोठी माणसं टिकत नाहीत. काय करावं?

उद्यमबागकर (धागाकर्ता) · रविवार, रात्री १०:४०

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथं वाचनमात्र असतो, पण आज अडलोय म्हणून धागा काढतोय.

दिवसा बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपवर असतो आणि संध्याकाळी सव्वासहा ते साडेआठ एका खासगी करिअर कॉलेजात सीएनसी (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन) ऑपरेटरचा सहा महिन्यांचा कोर्स शिकवतो. बॅचमधली पोरं म्हणजे पोरं नव्हेतच. सगळ्यात धाकटा २४ चा, सगळ्यात थोरले मामा ४७ चे. फाउंड्रीत वाळूचे साचे बनवणारे पाच-सहा मोल्डर आहेत, वडगावात घरचे माग विकून टाकलेला एक विणकर आहे, खानापुराकडचे दोघे भाऊ, शिनोळीत हेल्परी करून सीमा ओलांडून येणारा चंदगडचा एक, आणि नवरा गेल्यावर एकटीनं घर ओढणारी एक बाई. बैलहोंगल-गोकाक भागातले कन्नड बोलणारे आहेतच.

जूनला ३२ नावं पडली. गणपती बसले तेव्हा वर्गात १९. फी भरलेली, बरं का. पैसे घालून माणसं निघून जाताहेत.

मॅनेजमेंटनं यावर तोडगा म्हणून मोटिव्हेशनल स्पीकर आणला. कोटातला गृहस्थ, कानाला माइक. 'तुमच्यातला सिंह जागा करा' म्हणून तासभर ओरडला, टाळ्या वाजवून घेतल्या. शेवटी 'कुणाला काही विचारायचंय?' म्हटल्यावर मागच्या बाकावरून मामा उठले. म्हणाले, 'सर, सिंह जागाच हाय की. त्याला झोप मिळंना झालीया. नाइट शिफ्ट हाय.'

दुसऱ्या दिवशी १७ होते.

तर प्रश्न असा, की या मंडळींचा शिकायचा हुरूप टिकवायचा कसा? ओरडावं तर माझ्यापेक्षा वयानं मोठे. गोड बोलावं तर त्यांना लगेच कळतं की मास्तर गोड बोलतोय. शाळेत चालणारे उपाय इथं चालत नाहीत, एवढंच आतापर्यंत कळलंय.

कडोलीचा_पाहुणा · रविवार, रात्री ११:०५

वाचतोय. सिंहाचा किस्सा फारच भारी. मामांना माझा दंडवत सांगा.

तिसरं_गेट · सोमवार, सकाळी ७:५०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. वीस वर्षं शॉपवर माणसं भरती करतोय. निम्म्या लोकांना शिकायचं नसतंच, त्यांना सर्टिफिकेट हवं असतं. ज्याला खरी गरज आहे तो पावसातून चालत येतो. बाकीच्यांच्या मागं धावून मास्तरांनी आपलं बीपी वाढवून घेऊ नये. फी आली ना? मग होगली बिडरी, जाऊ द्या.

उद्यमबागकर · सोमवार, दुपारी १:१५

गेटसाहेब, गरज नाही असं कसं म्हणू? त्या मोल्डर लोकांना मालकानं सांगितलंय की नवीन मशीन शॉप काढतोय, सीएनसी येईल त्याला भट्टीवरून तिकडं घेऊ. पंचेचाळिशीत भट्टीसमोर उभं राहणं काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. गरज गळ्यापर्यंत आहे, तरी माणूस जातो. तेच तर कोडं आहे.

निपाणीची_शिवणवाली · सोमवार, रात्री ९:३०

मी निपाणीत अकरा वर्षं शिवणाचे वर्ग घेते. माझ्याकडच्या बायका बहुतेक विडीकाम केलेल्या. वय तिशी ते पन्नाशी. कुणी चौथी, कुणी सातवी, कुणाला सही येते एवढंच. त्यामुळं उद्यमबागकर, तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. जरा लांबलचक लिहिते.

माझा अनुभव असा, की माणूस जातो तो पहिल्या पंधरा दिवसांत, आणि शिकणं अवघड आहे म्हणून नव्हे, तर लाज वाटते म्हणून. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात एक बाई आल्या. पंचेचाळीसच्या आसपास. चप्पल दारात काढताना सुद्धा मागं-पुढं बघत होत्या. मी काय केलं, तर पहिल्याच दिवशी फळ्यावर ब्लाउजचं ड्राफ्टिंग काढलं. छाती भागिले चार अधिक दीड इंच. सगळ्यांनी उतरवून घेतलं, या बाईंनी वहीच उघडली नाही. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नाहीत. मला वाटलं, घरचं काही असेल. नंतर बाजारात भेटल्या तर म्हणाल्या, 'बाई, भागाकार इसरून तीस वर्सं झाली. तुमच्या म्होरं कुठं सांगू?'

तेव्हापासून पहिल्या आठवड्यात वही नाही, फळा नाही. विडीसाठी पान कसं कापतात बघितलंय का कुणी? तेंदूचं पान भिजवून मऊ करायचं, त्यावर पत्र्याचा मापाचा तुकडा ठेवायचा आणि कडेनं कात्री फिरवायची. शीर मध्ये येऊ द्यायची नाही. दिवसाला हजार विड्या वळणारी बाई हे डोळे झाकून करते. मी पहिल्या दिवशी एवढंच विचारते, 'तुमचा पत्र्याचा तुकडा कसा असतो, दाखवा.' मग ब्राउन पेपरचा पॅटर्न काढून त्यांच्या हातात देते. हा आमचा पत्रा. शीर टाळता तशी कापडाची आडवी-उभी बघायची. त्या दिवशी प्रत्येकीच्या हातून एक बाही कापून होते, आणि चुकत नाही, कारण हात तयारच असतो. भागाकार तिसऱ्या आठवड्यात येतो. तोवर त्यांना कळलेलं असतं की हे आपल्याला जमतंय, आणि मग भागाकाराची भीती निम्मी होते.

वेळेबद्दलही लिहायचं होतं, पण गॅसवर दूध आहे. उद्या.

खानापूर_एक्सप्रेस · सोमवार, रात्री १०:१०

पत्र्याचा तुकडा! वाचनखूण साठवली.

बीएड_तरी_बेकार · मंगळवार, सकाळी ११:००

शिवणवालीताई सांगताहेत त्याला पुस्तकात नाव आहे. मालकम नोल्स नावाच्या अमेरिकन माणसानं प्रौढांच्या शिकण्याचं शास्त्र अँड्रागॉजी या नावानं लोकांपुढं मांडलं. (शब्द त्याचा नव्हे. अलेक्झांडर काप नावाच्या जर्मन शिक्षकानं तो १८३३ साली वापरला होता.) नोल्सचं म्हणणं थोडक्यात असं: प्रौढ माणूस आधी 'हे मी का शिकू?' विचारतो, आपला अनुभव बरोबर घेऊन येतो, आणि उद्या कामाला येईल ते आधी शिकतो. मूल पाटी कोरी घेऊन येतं, मोठ्या माणसाची पाटी भरलेली असते. ती पुसायला गेलात की तो उठून जातो.

दुसरं, के. पॅट्रिशिया क्रॉस यांनी १९८१ साली प्रौढांच्या अडथळ्यांचे तीन प्रकार सांगितले. परिस्थितीचे (शिफ्ट, पैसा, पोरंबाळं), मनाचे (आता वय झालं, आपल्याला जमणार नाही), आणि संस्थेचे (वर्गाची वेळ, फॉर्म, फीचे हप्ते, ऑफिसातली वागणूक). गंमत अशी, की कॉलेजला विचारलं तर ती सगळा दोष पहिल्या दोन खात्यांत टाकतात. तिसऱ्या खात्याकडं कुणी बघत नाही, आणि आपल्या हातात असतं ते तेवढंच.

तिसरं_गेट · मंगळवार, सकाळी ११:२०

अमेरिका आलीच का शेवटी. जोतीरावांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली तेव्हा नोल्स कुठं होता?

बीएड_तरी_बेकार · मंगळवार, सकाळी ११:२४

जन्मला नव्हता. मान्य. :) जोतीरावांनी मात्र शाळा रात्री काढली, दुपारी बारा वाजता नाही. हाच तो तिसरा अडथळा.

गळालेला_फिटर · मंगळवार, रात्री ११:४५

सभासद होऊन सहा वर्षं झाली, पहिल्यांदा लिहितोय. मी तुमच्या त्या गळालेल्यांतला एक. तुमच्या कॉलेजातला नव्हे, दुसऱ्या.

३६ व्या वर्षी क्लास लावला होता. हायड्रॉलिक्सच्या शॉपवर हेल्पर होतो, फिटरचं काम सगळं यायचं, कागद नव्हता. आयटीआयला वरच्या वयाची अट नाही, १४ पूर्ण असले की चालतं, हे मला ठाऊक होतं. पण तिथं दिवसभर बसायचं, ऐंशी टक्के हजेरी लावायची आणि घरी चूल कोण पेटवणार? म्हणून संध्याकाळचा खासगी क्लास.

दोन गोष्टी झाल्या. पहिली, तिथल्या सरांनी एक दिवस मला उभं करून इंग्रजी पुस्तकातला उतारा वाचायला लावला. मी अडखळलो. वर्गात माझ्या पोराच्या मित्राचा थोरला भाऊ होता. तो हसला नाही, खरं सांगतो, हसला नाही. त्यानं मान खाली घातली. त्याचंच जास्त लागलं.

दुसरी, माझ्या गावाला शेवटची बस रात्री ८:१० ला, आणि क्लास सुटायचा साडेआठला. रोज आठला उठून निघायचो. सगळे बघायचे. सर म्हणायचे, 'काय पाहुणे, चाललात?' विनोदच तो. पण रोजचा. एक दिवस पावसात बस चुकली, नाक्यावर ट्रक मिळेपर्यंत साडेदहा झाले. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आलं, गेलो नाही. तिसऱ्या दिवशी गेलो नाही. चौथ्या दिवशी काय तोंड दाखवायचं म्हणून गेलो नाही. पाचव्या दिवसापासून मग सोपं झालं.

फोन कुणाचाच आला नाही. आला असता तर? माहीत नाही. पण मी आठवडाभर फोन उशाशी घेऊन झोपत होतो.

निपाणीची_शिवणवाली · बुधवार, सकाळी ६:४०

गळालेल्या दादा, तुमचं वाचून चहा गार झाला.

हेच मला परवा लिहायचं होतं. एक दिवस गैरहजर हे घरचं कारण. दुसरा दिवसही घरचंच. तिसऱ्या दिवशी येते ती लाज, आणि ती एकदा आली की घरचं कारण मिटलं तरी माणूस येत नाही. म्हणून माझा नियम, दुसऱ्या गैरहजेरीच्या संध्याकाळी फोन. तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि फोनवर 'का आला नाहीत?' विचारायचं नाही, कारण मग माणूस खोटं बोलतो आणि त्या खोट्याची पुन्हा वेगळी लाज. एवढंच सांगायचं, 'काल आपण कॉलर लावली, तुमचं कापड कपाटात ठेवलंय, उद्या पंधरा मिनिटं आधी या, दाखवते.'

वेळेचं म्हणाल तर आमच्याकडं विडीचा माल जमा करायचा दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी वर्ग ठेवायचाच नाही. २०२३ च्या जूनमध्ये शक्ती योजना आली, बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हा चिक्कोडी-संकेश्वराकडून येणाऱ्या बायका माझ्याकडं एकदम वाढल्या. त्यांना हुरूप आधी नव्हता आणि बस फुकट झाल्यावर आला, असं थोडंच आहे? हुरूप होताच, तिकिटाचे पैसे नव्हते. कागलहून येणारीला मात्र अजूनही तिकीट काढावं लागतं, फुकट ते कर्नाटकातल्या कर्नाटकात.

तिसरं_गेट · बुधवार, सकाळी ८:१५

म्हणजे शेवटी पैशावरच आलं. पीएम विश्वकर्माच्या ट्रेनिंगला आमच्या गल्लीतले शिंपी, सुतार झाडून सगळे गेले. का? दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि वर अवजारांसाठी १५,०००. एकही दिवस कुणी चुकवला नाही. ही प्रेरणा!

निपाणीची_शिवणवाली · बुधवार, दुपारी २:००

भाऊ, ५०० रुपये ही प्रेरणा नव्हे, ती बुडालेली मजुरी. हातावर पोट असलेला माणूस शिकायला बसतो तेव्हा फीपेक्षा जास्त पैसे तो न मिळालेल्या मजुरीत मोजत असतो. ते कुठल्या पावतीवर येत नाहीत म्हणून दिसत नाहीत.

सीमावासी_१९५६ · बुधवार, दुपारी ४:३०

मूळ मुद्द्यावर कुणी बोलतच नाही. माणूस मराठी शाळेत शिकला. नोटीस कानडीत, पुस्तक इंग्रजीत. तो टिकेल कसा? महाजन आयोगापासून हेच चाललंय आणि २००४ साली दावा घालून

संपादक · बुधवार, दुपारी ४:५५

वरचा प्रतिसाद अर्धा ठेवला आहे. सीमाप्रश्नासाठी स्वतंत्र धागा आहे, कृपया तिकडे लिहावे. वर्गातल्या भाषेबद्दल इथे जरूर लिहा.

खानापूर_एक्सप्रेस · बुधवार, संध्याकाळी ६:२०

अवांतर होणार नाही असं बघतो. सीमावासींचा अर्धा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडच्या चाळिशी उलटलेल्या माणसाला कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. मशीनवर लावलेली सूचना त्याच्यासाठी चित्रासारखी. आणि तो हे कबूल करत नाही, नुसती मान डोलावतो. मान डोलावली म्हणजे कळलं, असं मास्तरांनी कधी धरू नये. करून दाखवा म्हणावं.

उद्यमबागकर · पुढचा रविवार, रात्री ९:१५

आठवडाभर गप्प होतो, कारण करून बघत होतो. जमलं तेही लिहितो, फसलं तेही.

पहिल्यांदा फोन. १५ जणांची यादी घेऊन बसलो. चार नंबर बंद किंवा चुकीचे. दोघे गोव्याला कामाला गेलेत. दोघं 'बघतो सर' म्हणाले, म्हणजे येणार नाहीत. सहाजण परत आले! काही केलं नव्हतं, शिवणवालीताईंचं वाक्य मशीनला लावून म्हटलं, 'वर्नियर झाला, तुमची वही टेबलावर आहे.' (वर्नियर म्हणजे बारीक माप घ्यायचं जबड्यांचं साधन.) त्यातला एकजण आल्यावर म्हणाला, 'सर, मला वाटलं नाव काढून टाकलं असंल.' अरे, फी भरलेल्या माणसाला असं वाटतं?

पंधरावा फोन मात्र फसला. त्यांचा नंबर लागेना म्हणून फॉर्मवरच्या दुसऱ्या नंबरावर केला. बायकोनं उचलला. मी सरळ म्हणून गेलो, 'तीन आठवडे झाले, साहेब वर्गाला नाहीत.' पलीकडं शांतता. मग त्या म्हणाल्या, 'ते तर रोज सहाला डबा घेऊन क्लासला म्हणूनच जातात.'

नंतर कळलं, ते रोज रेल्वे स्टेशनवर बाकावर बसायचे आणि साडेआठला घरी जायचे. घरी हरलो म्हणून सांगायचं नव्हतं त्यांना. आणि मी काय केलं, एका फोनात त्यांना बायकोपुढं उघडं पाडलं. ते अजून आलेले नाहीत. दोनदा घरापर्यंत जाऊन परत आलो, दार वाजवायचा धीर झाला नाही. यापुढं स्वतःच्या नंबरखेरीज कुठंही फोन नाही, हा नियम मी लिहून चिकटवलाय.

निपाणीची_शिवणवाली · रविवार, रात्री ९:४०

अरे देवा. दार वाजवू नका. स्टेशनवर जा. बाकावर शेजारी बसा.

उद्यमबागकर · रविवार, रात्री ९:५२

हे सुचलं नव्हतं. उद्या जातो.

आता मामांचं सांगतो. मामा मोल्डर. २६ वर्षं वाळूत. हिरव्या वाळूचा (साच्याच्या ओलसर वाळूचा) गोळा मुठीत दाबतात, मग दोन बोटांनी मोडतात आणि मोडलेली कड बघून सांगतात, 'पाणी जास्त झालंय, ब्लो होल येणार.' (म्हणजे ओतकामात पोकळी राहणार.) लॅबवाला नंतर ओलावा मोजतो आणि मामांचंच खरं निघतं. पण वर्नियर हातात दिला की हात थरथरतो. ०.०२ मिलिमीटर म्हटलं की चेहरा दगड.

पानाची गोष्ट वाचल्यावर विचार केला, मामांचा पत्रा कुठला? मग सहज विचारलं, 'मामा, तुमच्याकडं वाळूच्या पेटीचं माप कशात सांगता?' म्हणाले, 'सुतात. तीन सूत, पाच सूत.'

सूत! इंचाचा आठवा भाग. म्हणजे ३.१७५ मिलिमीटर. हा माणूस २६ वर्षं अपूर्णांकात विचार करतोय आणि मी त्याला दशांश शिकवायला निघालो होतो कोऱ्या पाटीवर. फळ्यावर लिहिलं, दोन सूत म्हणजे पाव इंच म्हणजे ६.३५. मग वर्नियरचे जबडे मामांनाच सुतावर उघडायला लावले. 'दोन सूत लावा.' त्यांनी नजरेनं लावले. आकडा वाचला, ६.४२. सात शतांश मिलिमीटरची चूक, नुसत्या नजरेनं! वर्ग उठून बघायला आला. मग मामा स्वतः म्हणाले, 'ती बारकी रेघ कुठल्या रेघेवर बसली तेवढं बघायचं व्हय? मग हे एवढ्यासाठीच घाबरत होतो व्हय रं मी.'

त्या दिवशी मामांनी चंदगडच्या पोराला वर्नियर शिकवला. मी नुसता उभा होतो.

भाषेचंही केलं. मशीनचा कंट्रोलर इंग्रजीत बोलतो, त्याला इलाज नाही. पण भिंतीवर एक मोठा कागद लावलाय. डावीकडं पडद्यावर येणारा अलार्म जसाच्या तसा, मध्ये कन्नड अर्थ, उजवीकडं मराठी. अर्थ मी लिहिले नाहीत. गोकाकचा एक आणि खानापूरच्या भावांतला धाकटा, दोघांनी मिळून. 'ओव्हर ट्रॅव्हल'ला काय लिहावं यावर अर्धा तास वाद. शेवटी मराठीत 'हद्द ओलांडली' असं ठरलं. त्यावर जो हशा झाला, तो इथं लिहीत नाही, संपादक पुन्हा कात्री लावतील.

जी-कोडचंही, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञांचंही, तसंच. जी ०० म्हणजे 'मोकळा पळ', जी ०१ म्हणजे 'कापत चल'. एकदा हे नाव पडल्यावर कुणी विसरत नाही.

संपादक · रविवार, रात्री १०:०५

'हद्द ओलांडली' ठेवत आहोत. :)

तिसरं_गेट · सोमवार, सकाळी ७:३०

वाचलं. थोडा मागं सरकतो, पण एक मुद्दा सोडत नाही. माया करता करता ढिलाई नको. वय झालंय, बिचारे दमून येतात, म्हणून वर्कशॉपमध्ये पास करून टाकाल. तो माणूस उद्या माझ्याकडं येईल. चक (जॉब पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना हातमोजे घालून जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, हात लावेल आणि बोटं जातील. गेल्या वर्षी एका ठिकाणी हे डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्याकडं सर्टिफिकेट होतं.

उद्यमबागकर · सोमवार, दुपारी १:०५

शंभर टक्के. उलट मोठ्या माणसाला ढिलाईचा जास्त राग येतो. परवा एकाचा जॉब पाच शतांश कमी निघाला, मी 'चालेल, छान' म्हटलं. त्यानं जॉब परत माझ्यापुढं ठेवला. 'सर, शॉपवर हा रिजेक्ट हाय. मला उगा छान म्हणू नका.' तेव्हापासून 'छान' बंद. जमलं तर काय जमलं ते आकड्यात सांगतो, चुकलं तर किती चुकलं ते.

तिसरं_गेट · सोमवार, दुपारी १:२०

आवडला हा माणूस. पाठवा माझ्याकडं.

आणि एक ऐका. आरपीएल म्हणून प्रकार आहे, कौशल्य विकास योजनेखाली. हाताला काम येतं पण कागद नाही, अशांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात. अख्खा कोर्स नव्याने करावा लागत नाही. तुमच्या मोल्डर लोकांना मोल्डिंगचं आधी तेवढं मिळवून द्या. एक कागद हातात आला की दुसऱ्याची भीती कमी होते. मी हे सांगतोय याचं मलाच आश्चर्य वाटतंय.

शिवाय शिफ्टचं पत्र. कॉलेजच्या लेटरहेडवर 'हा कामगार अमुक तारखेपर्यंत प्रशिक्षणाला आहे, शक्य असल्यास रात्रपाळी टाळावी' एवढं लिहून कारखान्याला द्या. निम्मे सुपरवायझर ऐकतील. पण कामगार स्वतःहून कधीच मागणार नाही.

बीएड_तरी_बेकार · सोमवार, दुपारी ३:००

पत्र म्हणजे पुन्हा तिसऱ्या खात्यातलं. मी गप्प बसतो.

उद्यमबागकर · गुरुवार, रात्री ९:५०

तीन दिवस स्टेशनवर गेलो. पहिल्या दोन दिवशी ते दिसले नाहीत. बायकोला कळल्यावर तिथं तरी कशाला बसतील, असं वाटलं. आज फलाट एकच्या टोकाला होते. डबा मांडीवर. शेजारी बसलो, शेंगा घेतल्या, दोघांनी खाल्ल्या. वर्गाचा विषय मी काढला नाही. त्यांनीच पंधरा मिनिटांनी विचारलं, 'मामांनी म्हणे नजरेनं दोन सूत लावले?' बातमी पोहोचली होती. मी म्हटलं, लावले. म्हणाले, 'मला इंग्रजी वाचता येत नाही हो.' मी म्हटलं, भिंतीवर कागद लावलाय, त्यात तिसरी ओळ रिकामी आहे, 'लुब्रिकेशन लो' ला अजून मराठी सुचलेलं नाही कुणाला.

येतो म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत. डब्यातली अर्धी भाकरी मला दिली.

सध्या वर्गात २३. सोमवारपासून वेळ बदलायला मॅनेजमेंट तयार झालंय, पाऊण तास इकडंतिकडं. सहाला सुरू करून सव्वाआठला सोडू असा विचार आहे. कुणाला काही सुचवायचं आहे का?

गळालेला_फिटर · गुरुवार, रात्री १०:०२

पावणेसहा ते आठ. शेवटची बस ८:१० ला आहे, सर.